सातवी सूचना

परदेशी एकट्याने, पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला सगळं जग टपलेलं असतं, आणि जो स्वतः कधी गेलेला नाही तो सगळ्यांत पुढे. मावशी त्यातल्याच. प्रवास कंपनीच्या त्या बोळासारख्या अरुंद ऑफिसात दाराजवळच्या टेबलाशी त्या सव्वीस वर्षं बसल्या. तिकीट काढून द्यायचं, व्हिसाचा अर्ज भरून द्यायचा, आणि मग निघणाऱ्याला समोर बसवून त्याची शिकवणी घ्यायची. शिकवणीचं काम कंपनीने सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

“पासपोर्टच्या दोन झेरॉक्स. एक बॅगेत, एक अंगावर. जायचा पत्ता पाठ हवा, मोबाइल काय, ऐन वेळी मान टाकतो. कोणाचं पुडकं बरोबर घ्यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. पहिल्यांदाच चाललोय हे शेजारच्या सीटवाल्याला सांगायचं नाही.” असं करत करत गाडी सातव्यावर आली की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवत. “आणि हे कोरून ठेव. तिकडे आपलं कोणी आहे हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगायचं नाही. फिरायला आलोय, आपलं इथं कोणी नाही. एवढंच. नातेवाईक म्हटलं की त्यांना वाटतं, हा आला तो आता जायचा नाही.”

ही अक्कल आली कुठून? तर फार वर्षांपूर्वी एक जण तिथल्या विमानतळावरच्या खिडकीवर बोलून गेला की भाऊ इथंच आहे, त्याने नोकरीही बघून ठेवली आहे. त्याला आल्या पावली परत धाडलं. धाडलं ते नोकरीच्या गोष्टीमुळे, पण मावशींनी नेमका भाऊ पकडला. त्या एका माणसावर सातवी सूचना उभी राहिली. मालकाला दहाच्या दहा सूचना इतक्या आवडल्या, की त्याने त्या तिकिटाच्या निळ्या पाकिटावर मागच्या बाजूला छापून घेतल्या. वर ठळक अक्षरांत ‘मावशींच्या दहा सूचना’. मावशींनी त्यातलं एक पाकीट घरी नेऊन आरशाच्या कडेला खोचलं होतं.

सूचना बरोबर असल्याचा पुरावाही त्यांच्यापाशी होता. टेबलामागच्या भिंतीवर फोटो होते: कोणी बर्फात उभा, कोणी कारंज्यापाशी, सगळे दात काढून हसणारे. जे पोचले त्यांनी फोटो पाठवले. जे परत धाडले गेले ते तोंड लपवून घरी बसले, त्यांचा फोटो कोण लावणार?

एक मात्र आली होती. चार दुकानं सोडून रक्त तपासायची लॅब आहे, तिथे सुई टोचणारी मुलगी. तिची परदेशात नर्सिंगच्या कोर्ससाठी मुलाखत होती, मामाकडे उतरणार होती. गेली आणि चौथ्याच दिवशी परत मावशींच्या टेबलासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले.

“मावशी, मी तुमचं ऐकलं. कोणी नाही म्हणाले. त्यांनी मला परत पाठवलं.”

“मग अडखळली असशील,” मावशी म्हणाल्या, तेही दोन गिऱ्हाइकांच्या देखत. “इतके लोक जाऊन आले, त्यांना नाही काही झालं. तुझ्या तोंडावरच दिसलं असेल.”

मुलगी काही तरी सांगायला गेली. मावशींनी फोन उचलला. त्यानंतर सहा वर्षं ती मुलगी मावशी दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. मावशी म्हणायच्या, भारीच ताठा आहे बाई.

मावशींना एकच बहीण होती, धाकटी. बारा वर्षं ती परदेशात म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात काम करत होती. लग्न नाही, मूल नाही, मागे एवढी ताईच. तिला पोटात गाठ झाली. डॉक्टरांनी महिने मोजून सांगितले. फोनवर ती म्हणाली, “ताई, तू सगळ्या जगाला पाठवतेस. एकदा तू ये ना गं.”

मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा अर्ज भरला. नातेवाईकांच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि पुन्हा वाचूनही बघितलं नाही. पासपोर्टची एक झेरॉक्स बॅगेत, एक अंगावर. पत्ता पाठ. धाकटीसाठी मऊ कापडाचे दोन गाऊन शिवून घेतले. तिकीट निळ्या पाकिटात घातलं.

तिथल्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, “इथे कोण आहे तुमचं?”

“कोणी नाही. फिरायला आले.” न अडखळता. सव्वीस वर्षांचा सराव होता.

कुठे कुठे फिरणार, असं त्याने विचारलं आणि मावशींना एका जागेचंही नाव सांगता येईना. मग बॅग उघडली. मावशी अंगाने चांगल्या भरलेल्या. गाऊन निघाले ते चौदा वर्षांच्या पोरीला बसतील असे, आजारपणात धाकटी तेवढीच उरली होती. हे कोणाचे? “माझे,” मावशी म्हणाल्या. अधिकाऱ्याने गाऊनकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि त्यांना शेजारच्या खोलीत नेऊन बसवलं.

दुभाषी म्हणून आलेली बाई मराठी होती. तिने टेबलावरचं निळं पाकीट उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं, “सातवी सूचना. तिकडे आपलं कोणी आहे हे सांगू नये.” वाचून तेच तिने अधिकाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं. तो नुसता मान हलवत राहिला.

“हे पाकीट इथे सगळ्यांना माहीत आहे, बाई,” ती म्हणाली. “पाकीट दिसलं की माणसाला बाजूला घेतात. किती वर्षं झाली. कोण ही मावशी?”

मावशींच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं: बहीण, गाठ, महिने.

“अहो, मग हेच आधी सांगायचं ना! आजारी बहिणीला भेटायला आले म्हटलं तर दहा मिनिटांत सोडतात. आता खोटं लिहून दिलंत, नोंद झाली. आता नाही काही होत.”

धाकटी त्यांना घ्यायला विमानतळाबाहेर आली होती. चाकाच्या खुर्चीत, वसतिगृहातल्या मैत्रिणीला घेऊन. फोनवर बोलायची परवानगी मिळाली.

“ताई, मी दारासमोरच आहे. तू कुठून येणार? डावीकडून का उजवीकडून?”

मावशींनी सगळं सांगितलं, खिडकीवर काय म्हणाल्या तेही. धाकटी म्हणाली, “मी आहे असं सांगायची लाज वाटली का गं तुला?”

मध्ये एक भिंत होती, फार तर पन्नास पावलं. गाऊन तेवढे दुभाषी बाईने बाहेर पोचते केले. मावशींना आल्या वाटेने परत विमानात बसवलं. चार महिन्यांनी धाकटी गेली, तीही बातमी फोनवरच.

मावशींनी मालकाला सांगितलं, पाकिटं बदला. तो म्हणाला, “दोन हजार छापून पडली आहेत. संपली की बघू.” मग त्या पेन घेऊन एकेका पाकिटावरची सातवी ओळ खोडत बसल्या. काय खोडलंय, असं गिऱ्हाईक विचारी, आणि त्या फक्त पुढचं पाकीट ओढत.

पुढे त्यांना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. गल्लीत दुसरी लॅबही होती, पण मावशी त्या मुलीच्याच लॅबमध्ये गेल्या. मुलगी आता बाई झाली होती, आणि मावशींच्या बहिणीचं गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, तसं तिलाही. तिने दंडाला रबर बांधलं.

“तू अडखळली नव्हतीस,” मावशी म्हणाल्या.

“मूठ मिटा.” तिने शीर चाचपली. “ते मला तेव्हाच माहीत होतं. त्या खोलीत त्यांनी तुमचं पाकीट माझ्यासमोर वाचलं होतं. तेच सांगायला आले होते मी तुम्हाला. तुमचा फोन वाजला नव्हता, मावशी. तुम्ही नुसताच उचलला होतात.”

सुई आत गेली, नळी भरत आली.

“तेव्हा दोन मिनिटं ऐकलं असतंत,” ती म्हणाली, “तर तुमची बहीण भेटली असती तुम्हाला.”

तिने सुई काढली, वर कापूस ठेवला. “पाच मिनिटं दाबून धरा,” म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.