काकांचा वड

शिवाजी पार्कजवळच्या एका हॉलमध्ये हिवाळ्यात बोन्सायचं प्रदर्शन भरायचं. आत्याचे यजमान, आमचे काका, त्यात आपली झाडं मांडायचे. त्या वर्षी त्यांच्या वडाला पहिलं बक्षीस मिळालं, म्हणून आत्याने मला तिच्या माहेरून, लालबागच्या चाळीतून, मुद्दाम बोलावून घेतलं.

पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर झाडं मांडली होती. एक बोगनवेल कुंडीच्या काठावरून थेट खाली उतरली होती. एका जुनिपरचं अर्धं खोड सोलून हाडासारखं पांढरं केलेलं, उरलेल्या अर्ध्यावर हिरवा पाला. एका फायकसने दगडाला मुळांनी आवळून धरलेलं. उथळ ताटलीत कामिनीची रोपं लावून कुणीतरी अख्खं जंगल उभं केलं होतं. मी हरखून गेले.

"बघ गो," आत्याने माझा दंड धरला, "एवढूशा झाडाक चिंचा लागल्यात!"

खरंच, हातभरही नसलेल्या त्या झाडावर करंगळीएवढ्या चिंचा लटकत होत्या.

"हळू," मागून काका म्हणाले. "लालबागची चाळ नाही ही."

आत्याने माझा दंड सोडला. लग्न होऊन आल्यापासून तिला घरात मालवणी बोलायची बंदी होती. माहेरी आली की चपलांबरोबर ती शुद्ध भाषाही दारातच काढून ठेवायची.

काकांचा वड मधोमध होता. पारंब्या कुंडीतल्या मातीत उतरलेल्या, बुंध्यावर शेवाळ, पानं नखाएवढी. पोरांनी झोके घ्यावेत असा वड, आणि उंची माझ्या कोपरापर्यंतही नाही. भोवती माणसं जमली होती आणि काका समजावत होते, "वाढू द्यायचं नाही. मुळं कापायची, नवी फूट खुडायची, फांदीला तार गुंडाळून हवं तिकडे वळवायचं. आधी झाड रुसतं. मग त्याला सवय लागते."

एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "दोघं मिळून करता का हो?"

"छे! हिच्याकडे फक्त पाणी. तेही रोज सांगावं लागतं," काका हसले. "घरात ना मूल ना बाळ, तरी बाईसाहेबांना वेळ पुरत नाही."

दोघंतिघं हसले. आत्याही हसली, आणि बाकीचे थांबल्यावरही थोडा वेळ हसतच राहिली.

उन्हाळा लागताना काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. आत्याने त्यांची अशी सेवा केली की बिल्डिंगभर नाव झालं. अंग पुसणं, मऊ भात भरवणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून सारखी कूस बदलणं, कशातही कसूर नाही. डॉक्टर म्हणाले, आवडीच्या गोष्टी नजरेसमोर ठेवा. तिने पलंग बाहेरच्या खोलीत आणवला आणि त्यांची सगळी झाडं, वड, पिंपळ, कामिनी, समोरच्या गॅलरीत ओळीने मांडली.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा पानं गुंडाळायला लागली होती. मी मातीला बोट लावलं. भाजल्यासारखी कोरडी.

"आत्या, पाणी घालू?"

"नको. तू चाय घे."

तिला सुचत नसेल असं मला वाटलं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी तांब्याभर पाणी वडाला घातलं. काकांची नजर माझ्या हातावर होती. त्यांच्या घशातून आवाज आला. तो ऐकून आत्या बाहेर आली. तिने ओली माती पाहिली. कुंडी उचलली, गॅलरीच्या मोरीवर तिरकी केली आणि पाणी निथळेपर्यंत तशीच धरून ठेवली. मातीही घसरली. ती तळव्याने परत दाबली, कुंडी जागेवर ठेवली आणि वडाची दर्शनी बाजू पलंगाकडे फिरवली.

"ह्यांका सगळा दिसता," ती म्हणाली. "बघूदेत."

मी तांब्या खाली ठेवला.

प्रदर्शनवाल्या मंडळातले दोघं भेटायला आले. "वहिनी, यांना बरं वाटेपर्यंत झाडं आम्ही नेऊन सांभाळतो," ते म्हणाले.

"नको हो," आत्या अगदी शुद्ध बोलली. "त्यांचा जीव आहे या झाडांत. नजरेआड झाली तर खचतील."

काका डावा हात गादीवर आपटायला लागले. आत्याने तो हात आपल्या हातात घेतला, थोपटला. "बघा ना, तुम्हाला पाहून कसे भरून आलेत."

पाहुण्यांनी डोळे पुसले.

कामिनी आधी गेली, मग पिंपळ. वड चिवट निघाला, पाऊस तोंडावर येईस्तोवर टिकला. झाडं मेल्यावरही तिने ती तिथून हलवली नाहीत. सकाळी काकांचं तोंड पुसून झालं की ती वाळक्या फांद्यांवरची धूळ झाडायची.

काका त्यानंतर वर्षभर जगले. ते गेले त्या दिवशी बिल्डिंगमधल्या बायका म्हणत होत्या, अशी बायको मिळायला पुण्याई लागते. आत्या पलंगाच्या पट्टीवर डोकं टेकून रडत होती. तिला श्वास घेता येईना म्हणून मी तिची पाठ चोळत बसले. ते रडणं खरं होतं. तिचं सगळं अंग थरथरत होतं.