कुंपणातलं ऑर्किड

मी फार बोलत नाही. लोक याला स्वभाव म्हणतात. कोणी तर गुणही म्हणतात. या गुणाच्या आड मी जे केलं ते आता पंचावन्नाव्या वर्षी सांगतो आहे. उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी नागपूरहून बंगळूरला आलो. नोकरी सरकारी कारखान्यात, खोली इंदिरानगरात. ओळखीचं कोणी नाही. कारखान्याच्या सूचनाफलकावर एक चिठ्ठी दिसली: दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये निसर्गाची छायाचित्रं काढणारे जमतात, ज्यांना आवड असेल त्यांनी यावं. माझ्याकडे मामानं दिलेला जुना कॅमेरा होता. गेलो.

वीस-बावीस माणसं. पडद्याच्या जागी पांढरी चादर, खिडक्यांना गोणपाट, आणि मधोमध खडखडणारा प्रोजेक्टर. त्या वेळी आम्ही सगळे स्लाइडची फिल्म वापरायचो. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा, धुऊन यायला आणखी दोन आठवडे. ज्याची स्लाइड त्यानं प्रोजेक्टरजवळ उभं राहून सांगायचं: कुठे काढला, किती वाजता, भिंग कोणतं. आणि शेवटी एक वाक्य म्हणायचंच: "जसं होतं तसं." म्हणजे फांदी वाकवलेली नाही, पान तोडलेलं नाही, घरट्यासमोरचा पाला बाजूला केलेला नाही. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण ते वाक्य कोणी गाळलं तर मागून आवाज यायचा, "पुढे?"

ही रीत पाडली ती अण्णांनी. अण्णा उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घराणं मूळ साताऱ्याकडचं, पण तीन पिढ्या बंगळुरात. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की पहिले काही दिवस मी नुसता मान हलवायचो. त्यांनी माझं नाव विचारलंच नाही, गावच विचारलं. मग मी कायमचा 'नागपूर' झालो.

"नागपूर, स्वल्प खाली बस रे, डोकं पडद्यावर येतंय."

माझ्या पहिल्या स्लाइडी लागल्या तेव्हा ते म्हणाले, "अय्यो, ही फुलं पासपोर्टच्या फोटोला बसलीत काय? श्वास तरी घेऊ दे त्यांना." हॉल हसला. मीही हसलो. पण ते लागलं. पुढचे आठ महिने तेच. दुसऱ्या कोणाची स्लाइड लागली की कधी कधी सगळा हॉल एकदम गप्प व्हायचा आणि प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू यायचा. माझ्या एकाही स्लाइडला तशी शांतता मिळाली नाही. मला ती हवी होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

अण्णांचे जिवलग म्हणजे मेष्ट्रू. मेष्ट्रू म्हणजे मास्तर. ते एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. दोघं वीस वर्षं एकत्र भटकलेले. होसकोट्याच्या पुढे एका खडकाळ टेकाडावर, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, दोघांना एक ऑर्किड सापडलं होतं. झाडावर नव्हे, जमिनीतून उगवणारं. वीतभर दांडा, त्यावर पांढरी फुलं, कडेला दोऱ्यासारख्या झालरी. पावसाळ्याच्या शेवटी आठ-दहा दिवस फुलायचं आणि नाहीसं व्हायचं. त्या एका रोपट्याची पूर्ण गोष्ट अण्णांना स्लाइडींत हवी होती: कोंबापासून शेंग फुटून धुळीसारखं बी उडेपर्यंत. पाच वर्षं झाली, शेंग मिळत नव्हती. दरवर्षी बकऱ्या आधी पोचायच्या.

सहाव्या वर्षी त्यांनी मला बरोबर घेतलं. जागा तोवर दोघांनाच माहीत होती. मी माझ्या मोपेडवरून अण्णांना नेलं आणि आम्ही रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. हातांना ओरखडे आले. अण्णा म्हणाले, "आता बघू बकरी कशी येते ते. नागपूर, ही जागा तिसऱ्याला कळली. चौथ्याला कळता नये."

"कळणार नाही," मी म्हणालो.

"तू बोलतोसच कुठे! म्हणून तर आणलं."

त्याच महिन्याच्या बैठकीत अण्णा आणि मेष्ट्रूंची जुनीच वादावादी पुन्हा झाली. मेष्ट्रूंचं म्हणणं, जात नक्की करायची तर एक फुललेला दांडा कापून, दाबून, वाळवून ठेवायला हवा. फोटोवरून कोणी मानणार नाही.

"तुमच्या फोटोत फुलाची मागची बाजू कुठे दिसते?" ते कानडीत म्हणाले. "नळी किती लांब आहे ते मोजायचं कशावरून?"

"आणि तुम्ही ते वर्तमानपत्रात घालून वाळवणार," अण्णा म्हणाले. "फूल आहे की पापड?"

सगळे हसले, मेष्ट्रूही. पण जाताना बोट दाखवून म्हणाले, "एक दांडा. एकदाच. बघा तुम्ही." ते गमतीनं म्हणाले होते. पुढे तेच वाक्य त्यांच्या गळ्यात पडणार होतं.

गणपतीची सुट्टी होती. मला कोणाकडे जायचं नव्हतं. पहाटेच एकटा टेकाडावर गेलो. सात फुलं उमलली होती. सगळ्यात सुंदर दिवस तो. पण रोप खडकाच्या सावलीत, मागे काट्यांचा गुंता, आणि वर पांढरट आभाळ. कॅमेऱ्यातून पाहिलं तर पुन्हा पासपोर्ट. खडकाच्या पलीकडच्या बाजूला मात्र कोवळं ऊन तिरपं येत होतं आणि मागे काळोखी दरड. तिथे ते फूल असतं तर झालरींतून उजेड आरपार गेला असता.

आमच्या सगळ्यांच्याच पिशवीत ब्लेड असायचं. मोठ्या गुंडाळीतली फिल्म कापून रोल भरायचे तर तिचं टोक कातरायला लागतं. मी काटे बाजूला केले आणि ब्लेडनं दांडा जमिनीलगत कापला. कंद उपटला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा येईल, असं मनाशी म्हणालो. म्हणजे कापताना मी स्वतःला जपणारा समजत होतो. दांडा पलीकडच्या ओल्या मातीत खोचला आणि चौदा फोटो काढले. हात थरथरत नव्हता. हेही सांगायला हवं.

मग दांडा आणून मूळ जागी मातीत उभा केला आणि काटे नीट लावून ठेवले. सवयीनं. कुंपण उघडं टाकलं असतं तर सगळं बकऱ्यांवर गेलं असतं. ते शहाणपण मला नंतर सुचलं. मी कुंपण जसंच्या तसं ठेवलं, त्यामुळे बकऱ्या सुटल्या आणि माणूस अडकला.

रविवारी अण्णा म्हणाले, चल. मी मोपेड चालवत होतो, ते मागे बसून शेंगेच्या फोटोला कोणतं भिंग लावायचं ते सांगत होते. कुठे जातोय आणि काय दिसणार ते मला माहीत होतं. तरी मी "हो, हो" म्हणत होतो.

दांडा काळा पडून मान टाकून उभा होता. अण्णा गुडघ्यावर बसले. त्यांनी काट्यांतून हात घालून त्याला नुसता स्पर्श केला तर तो हातात आला. खालचं टोक तिरपं, साफ कापलेलं. त्यांनी त्या टोकावरून अंगठा फिरवला.

"बकरी नव्हे," ते म्हणाले. "बकरीला ब्लेड कुठून?"

मी काही बोललो नाही. तेव्हा बोलायचं होतं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. माझ्याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

पुढच्या बैठकीपर्यंत त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. मेष्ट्रूंकडे जाणंही टाळलं. बैठकीत मेष्ट्रू नेहमीसारखे आले आणि सगळ्यांसमोर हसत विचारलं, "काय, शेंग धरली की नाही?"

अण्णा उठून उभे राहिले. "तुम्हीच सांगा. मिळाला ना एक दांडा? वाळला का नीट?"

मेष्ट्रूंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला नाही की काही नाही, फक्त चष्मा काढून ते पुसायला लागले.

"मी कापला असता," ते सावकाश म्हणाले, "तर कागदावर चिकटवून खाली जागा, तारीख आणि माझं नाव लिहिलं असतं. आमच्या कामात नाव लिहावं लागतं, अण्णा."

"जागा तीन माणसांना माहीत. एक मी. एक हा पोरगा, हा माझ्याबरोबर कुंपण करत होता. उरलं कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेष्ट्रूंनीही. मी प्रोजेक्टरच्या वायरकडे बघत राहिलो. कोणीतरी "असू द्या हो, सोडा" म्हणालं. कोणीतरी दिवा घालवून पहिली स्लाइड लावली. ती चालू असतानाच मेष्ट्रू उठून गेले. पुन्हा आले नाहीत.

माझा रोल त्याच आठवड्यात धुऊन आला. चौदापैकी एक स्लाइड तशी होती, जशी मला हवी होती. झालरींचा एकेक दोरा पेटल्यासारखा. ती दाखवली असती तर हॉल गप्प झाला असता. मी ती पाकिटात घालून ट्रंकेत तळाशी ठेवली. अधूनमधून काढून खिडकीशी धरून बघत असे. नुसती लाज वाटली असती तर एवढ्या वेळा काढून बघितली नसती.

त्यानंतर अण्णा माझ्यावर जीव टाकायला लागले. मेष्ट्रूंची रिकामी जागा त्यांनी मला दिली. दर रविवारी घरी जेवायला. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू, मला वाढताना म्हणायची, "ह्यांना तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही रे." मी भात कालवत राहायचो. अण्णा नव्या माणसांना माझी ओळख करून द्यायचे: "हा नागपूर. बोलत नाही, पण विश्वासाचा." प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. आणि मी सांगत नसे, कारण तिसरी वाटी आमटी कोणी वाढत असतं तेव्हा ते बोलता येत नाही. निदान मला येत नव्हतं. त्यांच्या गप्पांत मेष्ट्रूंचं नाव आलं की ते मध्येच थांबायचे, "ते जाऊ दे" म्हणायचे. दोघांची घरं चालत वीस मिनिटांवर होती.

चार वर्षं अशी गेली. मग मला पुण्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती स्लाइड खिशात होती. चहा झाला. अक्का आत गेली. मी सांगितलं. तीन-चार वाक्यांतच सांगून झालं.

अण्णा हसले. "तू मेष्ट्रूंना वाचवायला बघतोयस. जाता जाता आमचं जुळवून द्यायचं म्हणून. सरी, ठीक आहे, पण खोटं नको बोलूस."

मग मी पाकीट काढलं. त्यांनी स्लाइड दिव्याशी धरली, भिंग डोळ्याला लावलं. ओठ हलत होते. फुलं मोजत होते. त्यांच्या वहीत त्या वर्षीच्या दांड्याचं रेखाटन होतं, सात कळ्यांचं, खालून तिसरी स्वल्प वाकडी. वही काढायची गरज पडली नाही.

स्लाइड खाली ठेवून ते म्हणाले, "वीस माणसांसमोर मी त्यांना विचारलं, वाळला का."

"अण्णा, माझी चूक."

"तुझी तर आहेच. पण ते बोललो मी ना?"

मला वाटत होतं ते ओरडतील. त्यांनी स्लाइड पाकिटात घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी चुकेल तुझी." गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

दोन महिन्यांनी पुण्यात ऑफिसात अक्काचा फोन आला.

"ते तीनदा मेष्ट्रूंच्या फाटकापर्यंत जाऊन आले रे," ती म्हणाली. "आत जात नाहीत. म्हणतात, कुठल्या तोंडानं जाऊ. तू एकदा ये. आधी तू जाऊन मेष्ट्रूंना सांग. तू गेलास तर ह्यांना जाता येईल."

"येतो अक्का," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात नक्की."

मी गेलो नाही. पुढच्या महिन्यात काम होतं, त्याच्या पुढच्या महिन्यात लग्नाची बोलणी. कारणं खरी होती, पण त्या कारणांमुळे मी गेलो नाही असं नाही. वर्षभरानं अण्णा गेले. अक्कानं पत्रानं कळवलं. त्यात मेष्ट्रू आले होते का, हे लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

मेष्ट्रू आहेत. नव्वदीच्या घरात असतील. त्याच घरात राहतात, असं ऐकतो. त्यांना मराठी वाचता येत नाही. हे मी इतकं मोकळेपणानं लिहू शकलो याचं ते एक कारण आहे, आणि तेही लिहून ठेवतो.