चांदीपच्या घरातली पाहुणी

“चांदीपला सहल? तिथे काय बघणार, शेतं?” नवऱ्याने असं विचारलं आणि मी लगेच पर्स उचलली. आपल्याला अडवलं की जायचंच असतं! माझी नणंद संगीता एका संस्थेत काम करते. आईवडील आजारी किंवा अडचणीत असले, की ही संस्था त्यांची मुलं काही काळ एखाद्या कुटुंबात ठेवते. शाळा, औषधं, धान्य यांना संस्थेचा हातभार. माया त्या घराची. अशा घरांना संगीता अधूनमधून भेट देते. या वेळी मी तिचं शेपूट.

मनवेलपाड्याहून रिक्षाने विरार स्टेशन, तिथून एसटी. तिकीट स्वस्त, धक्के फुकट! थंडीत जा आणि खिडकी पकडा. हायवे ओलांडला की बिल्डिंगा संपतात. भात कापून झालेलं, खाचरांत वाल तरारलेला. मी खूश, पण संगीता काळजीत. “रंजू परत जायचं म्हणतेय,” ती म्हणाली. “सात वर्षांची पोर. आई टीबीच्या दवाखान्यात, म्हणून आधी आश्रमात होती. इथे रमली नाही तर पुन्हा तिथेच न्यावं लागेल. तिला सांभाळणाऱ्या जनाकाकींच्या मनाला किती लागेल गं!”

जनाकाकींनी दारातच स्वागत केलं. “या बाय, पानी घ्या!” मग तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, भाजलेला सुका बोंबील. मी काही भिडस्त नाही, पोट फुटेस्तोवर जेवले. रंजूला पाटावर बसवून सगळ्यांत आधी वाढलं होतं. जेवून ती ताट उचलायला गेली, तर काकींनी ते काढून घेतलं. “तू कशाला? तू बस.”

अंगणात संगीताने तिला जवळ घेतलं. “काही त्रास आहे का गं?”

“नाही. पण मला काहीच करू देत नाहीत. आश्रमात झाडांना पाणी घालायची माझी पाळी होती. इथे मी पाहुणीच ना? मग कधीतरी जायचंच. आजच न्या.”

हे ऐकून काकी दारातून बाहेर आल्या. “अगो बाय! लोकाची लेक. तिला कामाला लावली तर संस्था काय म्हनेल?”

संगीता म्हणाली, “संस्था म्हणेल, बरं झालं! घरच्या लेकीला सांगता तेवढं सांगा की.”

काकींनी डोळे पुसले, पदर खोचला आणि हाक दिली, “रंजे! कोंबड्या घरात शिरल्या, त्यांना कोन हाकलनार? मी?”

रंजू धावली. एक कोंबडी थेट चुलीपाशी घुसली, कालवण लवंडलं. काकींनी पोरीला असं काही झापलं म्हणता! आणि रंजू? खुदुखुदु हसत होती. मला तर भरूनच आलं. परतीच्या एसटीत आम्ही दोघीच होतो; रंजू काकींकडेच राहिली.

घरी आल्यावर कितीतरी दिवस मी सांगेन त्याला ही गोष्ट सांगत होते. संगीता पुढच्या खेपेला एकटीच गेली. रंजू म्हणे वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, आई बरी झाली ना, की तिला पहिली इथे आणा. काकीला एकटीला नाय झेपत.”