मोरीतलं रेझर

माझ्या लेकीच्या उजव्या काखेत एक व्रण आहे. तो कशानं झाला ते तिला ठाऊक आहे आणि मला. तिच्या सासरी वेगळंच ठाऊक होतं, कारण ते मीच सांगितलं होतं.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी सुरगी असते. चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवायचे, त्यांच्याभोवती सूत गुंडाळायचं आणि मधे नवरीला बसवून हळद उतरवायची, न्हाऊ घालायचं. अंगावर एक पातळ जुनेर, बस्स. दोन्हीकडच्या बायका भोवती असतात. माझ्या सुरगीला एका चुलत सासूनं माझा दंड उचलून बघितला होता. “अगं बाई, अस्वलीण आणली की काय!” सगळ्या हसल्या. मीही हसले. ते हसू माझ्या अंगातून कधी गेलंच नाही.

लेकीचे हात माझ्यावर गेलेले, तसेच केसाळ. तिला त्याचं काहीच नव्हतं. बँकेत जायची, आखूड बाह्यांचे कुर्ते घालायची. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा मी विषय काढला.

“आई, माझे केस मला टोचत नाहीत. तुला का टोचतात?”

“बायका बघतात गं.”

“बघू देत की. रोज अंघोळ करते मी. घाण थोडीच आहे ती?”

मी ऐकलं नाही. पार्लरला ती येईना, म्हणून मोरीतलं ह्यांचं दाढीचं रेझर घेतलं. ब्लेड कितीतरी दिवसांचं होतं. रडले, शपथ घातली, तेव्हा ती एकदाची पाटावर बसली आणि हात वर करून भिंतीकडे बघत राहिली. साबण लावून मी हात केले, काखा केल्या. दोन-तीन ठिकाणी कापलं. ती स् देखील म्हणाली नाही.

सुरगीला सगळ्यांनी तिचे हात बघितले. कुणी काही बोललं नाही. मी जिंकले होते. त्याच संध्याकाळी काखेत केसतूड आलं. सुपारीएवढं, लाल. घर पाहुण्यांनी भरलेलं, डॉक्टरकडे कोण नेणार? मी गरम फडक्यानं शेकलं आणि दाबून पिळलं. वर हळद भरली.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. रिवाजाप्रमाणे नवऱ्याला मित्रांनी खांद्यावर उचललं. “वहिनी, घाला बघू आता!” तिचा हात वर जाईना. हार छातीशी धरून ती नुसती उभी राहिली. “नवरी लाजतीय हो!” मांडवात हशा पिकला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. शेवटी जावईच वाकले.

तिसऱ्या दिवशी तिच्या सासरहून, वळसंगहून, विहीणबाई तिला तापानं फणफणलेली घेऊन सोलापूरला दवाखान्यात आल्या; मीही धावत गेले. डॉक्टरांनी फोड कापला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, “कशानं काढले होते केस? केस ठेवायचे की काढायचे हे जिचं तिनं ठरवावं. पण ब्लेड स्वच्छ हवं, स्वतःचं हवं. आणि हे पिळलं कुणी?”

विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, “आजकालच्या मुली, डॉक्टर. कुठल्याशा पार्लरात गेली होती. आमचं ऐकतात होय?”

पडदा अर्धाच ओढलेला होता. आत लेक पडून होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान पलीकडे वळवली.

तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. सासरी तिला ‘पार्लरवाली’ म्हणत. लागट नव्हतं, पण सणावारी कुणीतरी म्हणायचंच. माहेरी यायची, चार शब्द बोलायची, जायची. अजून वेणी घालताना तो हात पुरता वर जात नाही, मानच वाकवते.

यंदा ती बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी विहीणबाई आल्या. बाळाच्या अंघोळीसाठी मी परातीत कणकेचा गोळा मळून ठेवला होता, कपाळा-पाठीवरची लव काढायला.

“विहीणबाई, चांगला घासा की,” मी गोळा उचलला तशा त्या म्हणाल्या. “लई लव हाय पोरीला. न्हाईतर आईवानी पार्लरच्या नादानं हात कापून घ्यायची.”

लेक सवयीनं हसली. तिचं हसू माझ्या ओळखीचं होतं. सुरगीत मी तसंच हसले होते.

“ती पार्लरात गेली नव्हती,” मी म्हणाले. “ती नकोच म्हणत होती. मी केलं, ह्यांच्या रेझरनं. पिळलंही मीच. डॉक्टरांपुढे खोटं बोलले.”

विहीणबाई म्हणाल्या, “म्हंजी इतकी वर्सं मी हिला बोलले, ते?”

“माझ्या वाट्याचं होतं.”

त्या लेकीकडे वळल्या. “तू तरी सांगायचंस की गं.”

“ते आईनं सांगायचं होतं,” ती म्हणाली.

मला वाटलं, ती रडेल. रडली नाही. मला माफ केलं असंही काही म्हणाली नाही. बाळाचं अंगडं सोडवत म्हणाली, “अंघोळ तू घाल. पण कणिक नको.”

हातातला गोळा मी परातीत ठेवला, हात साबणानं धुतले आणि पाय पसरून पाटावर बसले.