कुहीपुढे निरंक

सत्तरच्या दशकात मी नागपुरात आरोग्य खात्याच्या एका कचेरीत कारकून होते. हिवाळा लागला की माझ्या टेबलावर फ्लूचा तक्ता यायचा. तालुक्यांतली आरोग्य केंद्रं आठवड्याचे रुग्ण आणि मृत्यू कळवणार, मी सोमवारी ते तक्त्यात उतरवणार, तक्ता पुण्याला जाणार, तिथून दिल्लीला. देशात फ्लू कुठवर आला, ते म्हणे यावरून कळायचं. डोंबलाचं कळायचं!

कारण रकाना कोरा राहिलेला आमच्या साहेबांना खपत नसे. कोरा दिसला की वरून विचारणा यायची. म्हणून ज्या केंद्राचा कागद आला नाही, त्याच्यापुढे ‘निरंक’ लिहायचं, म्हणजे रुग्ण एकही नाही. नवीन होते तेव्हा मी वाद घातला. "बाई, कागद आला का? नाही ना? मग निरंक!" साहेब म्हणाले. पुढे मीही मुकाट्यानं लिहायला लागले. त्या वर्षी कुहीच्या केंद्रापुढे सलग तीन सोमवार निरंक लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात.

त्यानंतरच्या शुक्रवारी कुहीजवळच्या आमच्या गावाहून धाकटा भाऊ थेट कचेरीत आला.

"बाई, साऱ्या गावाले ताप आला वं. धान कापाले माणूस नाही. बाबाले त श्वास घेता येऊन नाही राहिला. डॉक्टर काहून नाही पाठवत तुम्ही?"

"आणि केंद्रातला माणूस काय करतो?"

"तोच पह्यले पडला! त्याच्यामागून कंपाउंडर."

घ्या! कळवणाराच अंथरुणात, म्हणून कागद नाही. कागद नाही, म्हणून निरंक. आणि निरंक, म्हणून औषधांची जीप भलत्याच तालुक्यात. मी तशीच साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "तक्त्यात कुही निरंक आहे. जीप कशी पाठवू?"

"अहो, ते निरंक मीच लिहिलंय, या हातानं!"

"मग तर खात्रीचंच आहे."

असा संताप आला, की शाईची दौत उचलून भिंतीवर फेकावी. पण वेळ कुठे होता? मिळेल त्या एसटीनं आम्ही दोघं गावी निघालो. बाबांना नागपूरच्या दवाखान्यात आणायचं होतं. बैलगाडी जुंपून होईपर्यंत ते गेले.

तेरवी आटोपून कामावर आले, तर तक्ता माझीच वाट बघत पडलेला. कुहीचा कागद अजूनही नव्हता. मी कुहीपुढे मृत्यूच्या रकान्यात एक लिहिला आणि सहीला पाठवला. साहेबांनी बोलावून घेतलं.

"रुग्ण निरंक आणि मृत्यू एक? जुळत नाही, बाई. मृत्यू खोडा."

"तो माझा बाप आहे, साहेब."

साहेबांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण आवाज अगदी मऊ झाला.

"अरेरे," ते म्हणाले. "मग असं करा, रुग्ण एक लिहा."