बायोलॉजी सोडताना

दहावीचा निकाल लागला आणि मांजरी गावातल्या आमच्या गल्लीत मी एका दिवसात डॉक्टर झाले. आई एका हॉस्पिटलात वॉर्डातली मावशी होती. तिने पेढ्यांचा बॉक्स वॉर्डभर फिरवला आणि प्रत्येकाला सांगितलं, "पोरगी सायन्स घेती. डाक्टर होणार." सिस्टरना सांगितलं, मोठ्या डॉक्टर मॅडमना सांगितलं. एका पेशंट आजींनी तर आपला गुडघा माझ्यासाठी राखून ठेवला.

मला इंजिनिअर व्हायचं होतं.

आमच्या घरात तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. सल्ले मात्र भरपूर मिळाले, आणि सगळे एकच: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी, चारही घे, सेफ साइड. मी शाळेतल्या बाईंना गाठून विचारलं, तेव्हा कळलं की इंजिनिअरिंगला जायचं तर गणित सोडून चालत नाही, बायोलॉजी सोडलं तरी चालतं. शिवाय बायोलॉजी आणि दुसरी भाषा यांच्या जागी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स नावाचा दोनशे मार्कांचा विषय घेता येतो. वायरिंग, मोटरी, सगळं हाताने करायचं. ते ऐकल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. पण बायोलॉजी सोडायचं म्हणजे आईने वॉर्डभर वाटलेल्या पेढ्यांचं काय करायचं? मी गप्पच राहिले. प्रवेशाच्या दिवसापर्यंत.

कॉलेज मिळालं ते शनिवार पेठेतलं. खिडकीमागच्या क्लार्कनी मान वर न करता विचारलं, "बायोलॉजी की इलेक्ट्रिकल?"

"इलेक्ट्रिकल," मी हळूच म्हणाले.

"काय म्हणली?" आई.

आता मात्र क्लार्कनी मान वर केली. "अहो, आपण हे घरी बोलून यायचं असतं. एकदा घेतलेला विषय बदलून मिळत नाही. साडीचं दुकान नाही हे. व्हा बाजूला, नेक्स्ट."

आम्ही बाजूला झालो. व्हरांड्यातल्या बाकावर आई बसली, मी उभीच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "इंजिनेर नेमकं करतो काय?"

मलाही माहीत नव्हतं. मी तरी कुठे इंजिनिअर पाहिला होता! मला तारा जोडायला आवडायचं, बिघडलेला मिक्सर उघडायला आवडायचं, एवढंच.

"डाक्टर मी रोज बघती," आई म्हणाली. "शिकलेली बाई कशी बोलती, कशी चालती, ते मॅडमकडं बघून मला कळलं. म्हणून म्हणलं, तू तशी व्हावी. इंजिनेर एक तरी दाखव मला."

समोरच इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा होती. दारात एक सर हात पुसत उभे होते. आई सरळ उठून त्यांच्यापुढे गेली. "सर, इंजिनेर काय करतो हो?"

सरांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. "आपण कामाला कुठं असता?"

"हास्पिटलात."

"लिफ्ट आहे का तिथं?"

"हाय की. निम्मा येळ बंदच असती. पेशंटला जिन्यानं उचलून न्यावं लागतंय."

"तर ती लिफ्ट बनवणारा माणूस इंजिनिअर."

"असला?"

सर इतके हसले की आतली दोन मुलं बाहेर डोकावली. "बाई, म्हणूनच चांगल्यांची गरज आहे," ते म्हणाले, आणि आम्हाला आत घेऊन गेले. टेबलावर एक मोटर उघडून ठेवली होती. तांब्याच्या तारेची वेटोळी पाहून मी तिथेच चिकटले. हे काय, ते कुठे जातं, हे असंच का, मी विचारत सुटले. आई मोटरकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर ती पुन्हा रांगेत उभी राहिली. आमची पाळी आली तेव्हा क्लार्क म्हणाले, "झालं का बोलून?"

"झालं. इलेक्ट्रिकल लिव्हा."

आज मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी सगळीकडे जरा मोठ्यानेच सांगते. पण त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला एकच काळजी होती. उद्या ही वॉर्डात काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवरून आली तेव्हा मी दारातच उभी होते. "काय म्हणाल्या मॅडम?"

"म्हणल्या, काय हो मावशी, डाक्टर होणार होती ना?" आईने चपला काढल्या. "मी म्हणलं, ते माझं मीच ठरवलं होतं. पोरीला इचारलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय? मॅडम म्हणल्या, मला तरी कुणी विचारलं होतं! आणि लागल्या की हसायला. चहा टाक जरा."