मुकादमाचा होकार

मंगळवार, १५ नोव्हेंबर. सकाळी आठ. ओतूर, मांडवी नदीचा घाट. मुकादमाच्या आईचा दहावा.

हजर: मुकादम. त्याचा धाकटा भाऊ संजय आणि संजयची बायको, दोघं चाकणहून. शेजारच्या हौसामावशी. भावकीतले चाळीसेक. कार्यशाळेतून मी आणि आमचे अकरा जण.

कावळे: एकही नाही.

ही माझ्या वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीची सुरुवात, जशीच्या तशी. मी याद्या करणारी बाई आहे. लग्नाला गेले तरी कोण आलं, कोण नाही, हे घरी येऊन लिहून ठेवते. त्या पानाचा पुढे एवढा उपयोग होईल, असं मात्र लिहिताना वाटलं नव्हतं.

ओतूरला आमची एक छोटी कार्यशाळा आहे. ज्यांची समज सावकाश चालते अशी अठराच्या पुढची बारा माणसं तिथे कागदी पिशव्या करतात. मुकादम त्यांतला सगळ्यात थोरला. वय त्रेचाळीस, कपाळावर केस मागे हटलेले, मिशीत पांढरं आलेलं. तरी गाव त्याला बाळू म्हणायचं आणि बायका ‘ते पोरगं’ म्हणायच्या. कार्यशाळेत मात्र पहिल्याच आठवड्यात तो मुकादम झाला, कारण स्वतःची पिशवी चिकटवून झाली की तो उठायचा, हात मागे बांधायचा आणि प्रत्येकाच्या पाठीशी जाऊन उभा राहायचा. खळ बोटाला लागलेली दिसली की म्हणायचा, “हात धू. गिऱ्हाईक बगतंय.” गिऱ्हाईक आमच्याकडे महिन्यातून एकदा यायचं.

त्याला दहाच्या पुढे मोजता यायचं नाही आणि पिशव्यांचा गठ्ठा तर पंचवीसचा. म्हणून आम्ही एका फळीवर पंचवीस खिळे ठोकले. एका खिळ्याला एक पिशवी. सगळे खिळे भरले की गठ्ठा बांधायचा. ही युक्ती माझी, पण तिचा कायदा केला मुकादमानं. जेवणाची सुट्टी झाली आणि फळीवर दोन खिळे मोकळे असले, तर तो कुणाला डबा उघडू द्यायचा नाही. “एक बी खिळा उपाशी ठिवायचा न्हाई.” चहाबरोबरच्या दोन बिस्किटांतलं एक तो आईसाठी खिशात ठेवायचा. संध्याकाळी ते भुगा होऊन घरी पोचायचं. आई तो भुगा खायची.

आणि त्याचं ‘हो’. मुकादमाला काहीही विचारा, तो ‘हो’ म्हणायचा. मान डोलवून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत, घाईघाईनं. लहानपणापासून शिव्या खाल्लेल्या माणसाला एवढं कळलेलं असतं की ‘हो’ म्हटलं की समोरचा माणूस निवळतो. आम्हालाही ते सोयीचं होतं. एका पावसाळ्यात मी तीन दिवस त्याला सकाळी विचारत होते, “मुकादम, बरं आहे ना?” तीन दिवस तो “हो बाई” म्हणाला. चौथ्या दिवशी त्याच्या चपलेत पू दिसला. टाचेत बाभळीचा काटा अर्धा मोडून बसला होता. त्या दिवशी मी भिंतीवर नियमांची यादी लावली. पहिला नियम: ‘हो’ ऐकून कामाला लागू नये. दुसरा: दोन वस्तू समोर ठेवून विचारावं, मग जागा बदलून पुन्हा विचारावं. तिसरा: विचारून झालं की मनात वीस आकडे मोजावेत आणि तोवर आपण बोलू नये. तिसरा नियम सगळ्यात कठीण. मला स्वतःला बाराच्या पुढे दम धरवत नाही.

तर त्या दिवशी घाटावर कावळा शिवेना. नैवेद्य ठेवून अर्धा तास झाला. भावकीतले एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागले. कुणी म्हणालं, नातवंडं शिकतील, काळजी करू नको. कुणी म्हणालं, कुलदैवताचं चुकणार नाही. पलीकडच्या चिंचेवर दोन कावळे येऊन बसले, पण खाली उतरेनात. शेवटी चुलते संजयच्या कानाशी लागले, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “बाळूचं बोल की. तिचा जीव कशात व्हता, सांगाया पाह्यजे का?”

संजय रडत पुढे झाला. “आई, दादाला मी सांभाळीन. काळजी करू नको.”

कावळा आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुषांनी टोप्या घातल्या आणि पत्रावळींकडे वळले. मुकादम माझ्या शेजारी उभा होता. त्यानं विचारलं, “बाई, आईनं खाल्लं?”

“हो,” मी म्हणाले.

ज्याच्याबद्दल बोलणं झालं होतं, त्याला एवढ्या माणसांत कुणीही काही विचारलं नव्हतं. आठ दिवसांनी संजय त्याला चाकणला न्यायला आला. मी निघण्याच्या तयारीची यादी केली होती: औषधं, अपंगत्वाचा दाखला, आधार कार्ड, दोन स्वेटर. शेवटची ओळ होती, ‘मुकादमाला विचारणे’. संजय कार्यशाळेच्या दारात मोटरसायकल चालू करून थांबला होता. मी विचारलं, “मुकादम, भावाकडे जायचं ना?”

“हो बाई.”

मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. पाठीमागे भिंतीवर माझ्याच अक्षरातला पहिला नियम होता.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी पावणेअकराला संजयचा फोन आला. “मॅडम, दादा घरात नाही.” आठ वाजल्यापासून तो दिसला नव्हता. संजयच्या बायकोला वाटलं गच्चीवर असेल. गच्ची, जिना, खालची दुकानं, सगळं बघून झालं होतं. पोलीस चौकीतही सांगून झालं होतं. चाकणचा तो हायवे मला माहीत आहे. शहाण्या माणसाला ओलांडताना घाम फुटतो.

मी वही घेतली आणि तीन प्रश्न लिहिले. अंगात काय आहे? नवा निळा शर्ट. म्हणजे आम्ही त्याच्या प्रत्येक जुन्या कॉलरच्या आत फोन नंबर शिवला होता, तो यात नव्हता. खिशात काय आहे? संजयच्या बायकोनं ठेवलेली शंभराची नोट. तिसरा प्रश्न: तो कशाकशाला ‘हो’ म्हणेल? त्याच्यापुढे मी लिहिलं, ‘सगळ्याला’. लिहिलं आणि माझा हात थांबला. ‘येतोस का?’ असं कुणीही विचारलं तरी तो जाणार होता.

संजयला मी आधी एस.टी. स्टँडवर पाठवलं. मुकादमाला पाट्या वाचता येत नसत, पण तो रोज ओतूरला बसनं यायचा. घरी जायचं म्हणजे बसमध्ये बसायचं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. तिथे तासाभरानं एक कंडक्टर भेटला. “निळा शर्ट ना? ते पावणं नाशिकच्या बाजूला तोंड करून बसल्यालं. मी इचारलं, मंचर का? हो म्हनले. तिकीट दिलं. मंचरला उतरवलं की राव.”

मी गाडी काढली. नारायणगाव गेलं, कळंब गेलं. वाटेत मी संजयशी दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा त्यानं एकच विचारलं, “मॅडम, आईला काय सांगू?” मंचरच्या स्टँडवर पेरूवाल्या बाईनं त्याला पाहिलं होतं. एक जीपवाला ‘निरगुडसर, निरगुडसर’ ओरडत होता. त्यानं याला हटकलं, निरगुडसर का? हा ‘हो’ म्हणाला आणि चढला. पेरूवाली मला म्हणाली, “तुमचंच का वो? मग एकटं कसं सोडता?” तो ओतूरला निघाला होता, आणि विचारणारा प्रत्येक माणूस त्याला आपापल्या वाटेनं पुढे पाठवत होता.

निरगुडसरला पोचले तेव्हा चार वाजत आले होते. फाट्यावर, टपरीवर, देवळात विचारलं. कालव्याला पाणी भरून चाललं होतं. त्याच्या काठानं चालताना मी पाण्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात पलीकडच्या शेतातून ओळखीचा आवाज आला.

“एक बी वाफा उपाशी ठिवायचा न्हाई!”

कांद्याची लागण चालली होती. दहा-बारा बायका वाफ्यांत वाकलेल्या, आणि मुकादम रोपांच्या जुड्या उचलून प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी ठेवत होता. निळा शर्टही गुडघ्यांसारखाच चिखलात माखलेला. शेताची मालकीण, सत्तरीच्या पुढची आजी, बांधावर बसून होती. ती म्हणाली, “फाट्यावर बसला व्हता. म्हनलं, लागणीला येतो का? हो म्हनला. लई गुणाचा मानूस. तवापासून एकदा बी न्हाई म्हनला न्हाई.” मग माझ्याकडे नीट बघून, “पर भाकर खाल्ली का, तर हो म्हनला, आन् पुढ्यात ठिवली तर चार खाल्ल्या. ह्ये काय गणित हाये, बाई?”

त्या आजीला चार तासांत कळलं, ते मला कळायला टाचेतला काटा लागला होता.

मुकादमानं मला बघितलं. हातातली जुडी जागेवर ठेवून मगच तो आला. “बाई, गाडी चुकली,” तो म्हणाला. खिशातून त्यानं एक बिस्किट काढलं, भुगा झालेलं. “आज आईला देतो.”

अर्ध्या तासानं संजय आला. मोटरसायकल धड उभी न करताच धावला आणि भावाला त्यानं दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं. “तुला राहायचं नव्हतं तर बोलला का नाहीस? नव्हतं का राहायचं? बोल ना!”

“हो,” मुकादम म्हणाला. “हो. हो.”

वाफ्यांत वाकलेल्या बायका उभ्या राहिल्या. मी संजयचा हात सोडवला. त्याला मी काही सुनावलं नाही. खूण मी केली होती.

दुसऱ्या दिवशी वाडीवरच्या त्यांच्या घरी आम्ही चौघं बसलो: दोघं भाऊ, हौसामावशी आणि मी. मी सतरंजीवर दोन किल्ल्या ठेवल्या. डावीकडे चाकणच्या फ्लॅटची, उजवीकडे या घराच्या कुलपाची. “मुकादम, कुठे राहायचं? ती किल्ली उचल.” आणि मी मोजायला लागले. त्यानं संजयकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्या तोंडावर उत्तर शोधत होता. संजयचे ओठ हलले, तशी मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सतराव्या आकड्याला मुकादमानं घराची किल्ली उचलली.

जागा बदलल्या. पुन्हा घराची. चादरीखाली झाकून पुन्हा मांडल्या. घराचीच. “आणखी एकदा, मॅडम,” संजय म्हणाला. चौथ्या वेळी मुकादमानं किल्ली उचलून सरळ मुठीत आवळली आणि म्हणाला, “तिकडं खिळे न्हाईत.”

संजय भिंतीला टेकला. “मॅडम, मी दहाव्याला चारचौघांत बोललोय. कावळा शिवला. आता शब्द मोडला तर भावकी काय म्हणेल ते जाऊ द्या, मलाच झोप लागायची नाही.”

मी वही उघडली. मंगळवार, १५ नोव्हेंबर. संजय काय म्हणाला, तेही त्या पानावर होतं. वाचून दाखवलं: आई, दादाला मी सांभाळीन. हौसामावशी लगेच म्हणाल्या, “मंग? चाकणला नेईन आसं कुटं म्हनलास? तिनं ह्याला त्रेचाळीस वर्स हितंच सांभाळला ना? दोन टायमाची भाकर माझी. रविवारी तू येत जा. आन् पावसाळ्याआधी पत्रे बदल, त्ये माझ्यानं व्हनार न्हाई.”

असं ठरलं. भिंतीवर चित्रांची यादी लावली: दात, अंघोळ, औषध, कडी. संजय रविवारी येत राहिला. मे महिन्यात पत्रे बदलले. बिस्किट आता हौसामावशींना जायचं, आणि मुकादम कार्यशाळेत पूर्वीसारखाच पाठीशी उभा राहून सगळ्यांना हात धुवायला लावायचा.

गेल्या फेब्रुवारीत त्याच्या छातीत कफ साठला. जुन्नरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून विचारलं, “काय मुकादम, बरं वाटतंय ना?” तो त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मी मोजलं नाही.

“न्हाई,” तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडून ऐकलेला तो पहिला नकार. पाच दिवसांनी तो गेला.

त्याच्या दहाव्याला त्याच घाटावर सगळे पुन्हा जमले. नैवेद्य ठेवून गुरुजी अजून मागे सरकले नव्हते, तोच कावळा खाली उतरला. कुणाला काही बोलावंच लागलं नाही. चुलते म्हणाले, “मोकळा गेला.” संजयनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मुकादमाचं काही राहिलं नव्हतं.

राहिलं होतं ते माझ्या पिशवीत. किल्ल्यांच्या दिवशी संध्याकाळीच मी वहीत एक पान आखलं होतं: ‘आई-वडिलांनंतर कुठे राहायचं, हे त्यांना विचारणे.’ खाली बारा नावं. पहिल्या नावापुढे ‘स्वतःचं घर, वाडी’ असं लिहिलेलं आहे. बाकी अकरा घरांत मी दोन-दोनदा जाऊन आले. चहा मिळतो, आणि कुणी ना कुणी म्हणतं, आम्ही आहोत ना अजून. परवा शारदाकडे गेले होते. शारदा एकोणतीसची, तिची आई अडुसष्टची. दोन वस्तू पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच आई म्हणाली, “तिला काय इचारायचं मॅडम? ती तर कशालाबी हो म्हनती.”

शारदा माझ्याकडे बघून हसत होती. तिच्या नावापुढची ओळ कोरी आहे.